उलटा म्हणजे बरोबर

बाबा, तो पोलादाचा ठोकळा अजून माझ्याकडे आहे. तलासरीला हमरस्त्यापासून जरा आत दोन खोल्यांत माझं काम चालतं, तिथल्या टेबलावर तो असतो. सोल्डर करताना बोर्ड हलू नये म्हणून मी तो वजन म्हणून वापरते. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? मी सांगते, माझ्या वडिलांनी कोरलेली डाय आहे, यावर पत्रा ठेवून ठोकला की नक्षी उमटते. मग ते ठोकळा उचलतात, जड आहे म्हणतात, कोरलेल्या तीन गुजराती अक्षरांवरून बोट फिरवतात. इथे निम्म्या लोकांना गुजराती येतं, ते अक्षरं वाचूनही दाखवतात. डायवरची अक्षरं अशी सहज वाचता आली तर त्यात काय बिघडलंय, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नसतं, आणि मीही सांगत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज लिहायला बसले ती मात्र त्या ठोकळ्यामुळे नाही, एका बोर्डामुळे. काडेपेटीच्या निम्मा असेल. तो बिघडला आणि का बिघडला, हे समजेल असा माणूस मला तुमच्याशिवाय आठवला नाही.

काम काय आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नेहमीप्रमाणे मधूनच सुरू झाली. उधव्याला बायकांचा एक गट आहे. नागली, वरई, जुन्या भाताच्या जाती, असं बियाणं त्या एका खोलीत कणग्यांत आणि डब्यांत जपून ठेवतात. कोसबाडला एका शिबिरात त्यांना कोणीतरी सांगितलं की खोलीतली हवा किती दमट होते याची नोंद ठेवा, म्हणजे बी का खराब होतं ते कळेल. नोंद ठेवायची म्हणजे दर पंधरा मिनिटांनी कोणी बघत बसायचं का? म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी एक डबी करून दिली. आत एक छोटी चिप आहे, ती हवा मोजते आणि लिहून ठेवते. अडचण एवढीच की या चिपला स्वतःची स्मरणशक्ती जेमतेम असते, वीज गेली की सगळं विसरते. शिवाय ती खोली उतारावर, तिथे मोबाइलला रेंज नाही. मग उपाय म्हणजे फोनमध्ये असतं तसं मेमरी कार्ड, तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. चिप त्यावर लिहीत राहते, महिन्यातून एकदा गटातली कोणीतरी ते कार्ड कुंकवाच्या डबीत घालून एसटीने तलासरीला आणते आणि मी ते वाचते.

चिप आणि कार्ड यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड लागतो, कार्ड बसायला खाच आणि तारा लावायला जागा. बाजारात तयार मिळतो. मी आधी तोच लावला, आणि कानाला खडा लावला. त्याची खाच स्प्रिंगची, जरा धक्का लागला की कार्ड बाहेर डोकावतं. उधव्याच्या बायका खोली सारवताना डबी खुंटीवरून काढून पुन्हा अडकवायच्या, त्यात दोनदा कार्ड सुटलं आणि तीन आठवड्यांची नोंद गेली. दुसरं म्हणजे, एकाच तारेवर कार्डही बोलतं आणि हवा मोजणारा भागही बोलतो, ज्याची पाळी नाही त्याने गप्प बसायचं असतं. हा तयार बोर्ड गप्पच बसायचा नाही. तेव्हा ठरवलं की आपला बोर्ड आपणच करायचा, अगदी साधा. झाकण सरकवून बंद होणारी खाच, पाच व्होल्टचे सव्वातीन करणारा एक तुकडा, वीज डळमळू नये म्हणून दोन कपॅसिटर, चार-पाच रेझिस्टर, आणि तारा जोडायला सहा भोकं. त्याच्यापेक्षा जास्त काही नाही. साध्या कामात लपायला जागा नसते, असं तुम्ही बिनवेलबुट्टीच्या मण्याबद्दल म्हणायचात. ते इथेही खरं निघालं.

माझ्यासोबत गंजाडची एक बाई काम करते. तिशीची आहे. घरी भातशेती, नवरा कामाला बाहेर, तिने वायरमनचा कोर्स केलेला. माझ्याकडे आली तेव्हा फक्त सोल्डर करायची, तिचा हात असा की तुम्ही तिच्या शेजारी स्टूल टाकून बसला असतात. गेल्या दोन वर्षांत ती कॉम्प्युटरवर बोर्डाचा नकाशा काढायलाही शिकली, आणि हा बोर्ड पहिला, जो पूर्ण तिने मांडला. सहा भोकांपाशी काय लिहायचं यावर आम्ही एक सकाळ घालवली. इंग्रजी अक्षरं उधव्याच्या बायकांना काय कामाची? वीज, जमीन, आत, बाहेर, निवड, ही पाच नावं लगेच झाली. सहाव्या तारेतून सतत टिकटिक जाते, त्या तालावर एकेक खूण कार्डात शिरते. मी म्हटलं, घड्याळ लिहू. ती म्हणाली, "घड्याळ कशाला ताई, ता येळ नाय दाखवत. ठोका लिवा." तर आता त्या बोर्डावर पांढऱ्या शाईत 'ठोका' असं लिहिलेलं आहे, आणि तो शब्द बघितला की मला मागच्या पडवीतला तुमचा हातोडीचा आवाज ऐकू येतो, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता चुकीकडे येते. कार्डाची खाच बनवणारे तिच्यासोबत एक कागद देतात, आठ पायांचं चित्र असतं. आमच्या खाचेच्या कागदावरचं चित्र खालून बघितल्यासारखं होतं, म्हणजे खाच पालथी धरली तर पाय कसे दिसतील तसं. बोर्डावर ती उताणी बसणार. म्हणजे कागदावर पहिला पाय डावीकडे असेल तर बोर्डाच्या नकाशात तो उजवीकडे हवा. इतर लोक इथे गोंधळतात, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. मी आठ पायांचं ते चित्र फिरवून तिला काढून दिलं आणि उरलेला नकाशा तिच्यावर सोपवून उधव्याला गेले.

आपल्या घरची भाषा आठवते का तुम्हाला? आपल्या किनाऱ्याच्या गावांत घरटी एक डायवाला होता, पण ही भाषा आपल्याच घरात इतकी मुरलेली होती. डायमध्ये सगळं उलटं कोरायचं, तेव्हा ठशात सरळ उमटतं. त्यामुळे तुमच्या तोंडात उलटा म्हणजे बरोबर आणि सुलटा म्हणजे फुकट गेला. मी आठ वर्षांची असताना कपड्याच्या साबणाच्या वडीवर तुमच्या मोडक्या कोरणीने माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं आणि मोठ्या ऐटीत ओल्या मातीत दाबून दाखवलं. अक्षर आरशातल्यासारखं उमटलं. तुम्ही हसला नाहीत. वडी हातात घेऊन म्हणालात, "सुलटी हायस तू अजून." शाळेत मला गाढव म्हणत, बावळट म्हणत, पण ते घरापर्यंत यायचं नाही. सुलटी हा शब्द मात्र मला रात्रभर बोचला होता. आई तुमची थट्टा करायची, म्हणायची, "या घरात चोर पण सुलट्या बोंबा मारेल." हळूहळू तीही भाकरी नीट फुगली की "उलटी झाली" म्हणायला लागली. पाहुण्यांना काही कळायचं नाही. मी दहावीला गेले तोवर मला कोणी "उलटा आहे का?" विचारलं की त्याचा अर्थ "ठीक आहे का?" असाच लागायचा, आणि बघते तर अजूनही लागतो.

उधव्याहून परत येताना मी जीपमध्ये होते. शेजारी कोंबड्यांची पाटी, पुढे कोणाचं तरी गाणं लावलेलं. गंजाडवालीचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, कागदावर एक नंबरचा पाय डाव्या अंगाला हाय, आपल्या नकाशात उजव्या अंगाला. उलटा झालाय का?" मी म्हटलं, "हो, उलटा आहे. तेवढं बघून घे आणि पाठवून दे." एवढंच बोलणं झालं. मला म्हणायचं होतं, उलटा आहे, म्हणजे बरोबर आहे, एकदा नजर टाक आणि पाठव. तिने ऐकलं ते असं की उलटा झालाय, तेवढा नीट कर आणि पाठव. जगातली कुठलीही शहाणी बाई हेच ऐकेल. तिने आठ पाय फिरवून कागदासारखे केले आणि नकाशा गुजरातच्या सीमेपलीकडे ज्या कारखान्यात आमचे बोर्ड छापून होतात तिथे धाडून दिला.

बारा दिवसांनी तीस बोर्ड आले. हिरवे, स्वच्छ, पांढरी अक्षरं सुबक. तिने पहिला बोर्ड जोडला, कार्ड सरकवलं, चालू केला. कार्ड सापडत नाही, असा निरोप पडद्यावर. दुसरा जोडला, तेच. आम्ही कार्डाला नावं ठेवली, मग तारांना, मग सोल्डरला, मग विजेला. नाचता येईना अंगण वाकडं, असा दोन तास कार्यक्रम झाला. शेवटी मी मीटर घेतलं आणि एकेका पायाला टोक लावून टीक असा आवाज ऐकत गेले. जिथे वीज जायला हवी तिथे ठोका जात होता, जिथे जमीन हवी तिथे 'आत'. आठही पाय आरशात बघितल्यासारखे. माझ्या हातात मीटर तसंच राहिलं. जीपमधला फोन, माझं वाक्य, मला सगळं त्याच क्षणी आठवलं. तिला वेगळं आठवलं. ती म्हणाली, "मीच फिरवला, ताई. तुमी बरोबर काढलेला, मी घोळ केला. मना वाटला तुमी नीट कर सांगितला." आणि मी म्हणाले, "असू दे, होतं असं." बाबा, हे वाक्य ऐकायला किती चांगलं वाटतं. मोठ्या मनाचं वाटतं. त्यात चूक कोणाची ते सांगितलेलं नाही, हे फक्त सांगणाऱ्याला कळतं.

उधव्याच्या खोलीत पावसाळ्याआधी कणगीगणिक एक डबी लागायला हवी होती. नवे बोर्ड यायला पुन्हा बारा दिवस. म्हणून तिने ठरवलं की निदान सहा बोर्ड तरी तारांनी सुधारायचे. खाचेचे पाय बोर्डापासून सोडवायचे आणि केसासारख्या तारांनी जिथले तिथे न्यायचे, एका बोर्डाला आठ तारा. तुमचं डोळ्याला लावायचं भिंग तिने मागून घेतलं. ते तुम्ही मला डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा दिलं होतंत, काळ्या कडीचं, "आता माझ्यापरीस तुला लागेल" म्हणून. तीन दिवस ती ते डोळ्यात धरून, मान खाली घालून बसली होती. मी समोर दुसरं काम करत होते. तिच्या मानेचा बाक तुमच्यासारखा होता, डावा खांदा जरा वर. तिसऱ्या दिवशी सहावा बोर्ड चालला. तिने भिंग पुसून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, नकाशाचा काम आता तुमीच करा. मी आपली सोल्डर करीन. मना डावा-उजवा कळत नाय, उगा तुमचा नुकसान." ती रागाने बोलत नव्हती. हिशेब करून, शांतपणे बोलत होती, आणि तिचं पक्कं ठरलेलं होतं. हे असं शांत ठरवणं मी आधी एकदा बघितलेलं आहे.

आता ठोकळ्याबद्दल लिहिते. मी सोळा वर्षांची. डहाणूचे एक शेठ आले होते, सराफ, तुमचं काम वर्षानुवर्षं घेणारे. त्यांच्या आईच्या पंचाहत्तरीला चांदीची नाणी वाटायची होती आणि नाण्यावर आईचं नाव हवं होतं, गुजरातीत, तीन अक्षरं, भोवती वेल. तुम्हाला मराठी अक्षरं डोळे मिटून उलटी कोरता यायची, पण गुजराती वाचता येत नव्हतं. मला येत होतं, शेजारच्या बेनकडून शिकलेले. शेठ नाव बोलले, मी बटर पेपरवर वळणदार लिहून दिलं, शेठ खूश. तुम्ही ठोकळ्याला खळ लावलीत आणि कागद चिकटवायला मला सांगितलंत, कारण तुमचे हात भरलेले होते. बाहेर मैत्रीण सायकल घेऊन उभी होती, आम्हाला पारनाक्याला समुद्रावर जायचं होतं, ती घंटी वाजवत होती. बटर पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मी तो चिकटवला. तुम्ही हात धुता धुता विचारलंत, "उलटा हाय ना?" मी चपला घालता घालता म्हणाले, "हो, उलटा आहे." मी बघितलं नव्हतं. कागद सुलटा होता.

तुम्ही सात दिवस ठोकत होतात. ती डाय तुमच्या हातून झालेल्या सगळ्यांत देखण्या कामांपैकी आहे, हे मी आज, रोज ती हाताळून सांगते. वेलीचं एकेक पान वेगळं वळलेलं आहे. मग आपण दोघं शेठच्या पेढीवर गेलो. मला नेलंत, कारण नाव वाचायला मी. त्यांच्या कारागिराने चांदीचा पत्रा ठेवून ठोका घातला, शेठनी नाणं उचललं, चष्मा लावला, आणि म्हणाले, "काका, आ तो ऊंधुं छे." तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं शेठ डाय बघून उलटं आहे म्हणतायत. तुम्ही म्हणालात, "उलटाच असतो शेठ, डाय हाय." त्यांनी नाणं पुढे केलं, "डाय नथी काका, चांदी छे. बा नुं नाम ऊंधुं छे." पेढीवर दोन गिऱ्हाइकं होती, कारागीर होता. तुम्ही नाणं घेतलंत, बराच वेळ बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. मी खाली फरशीकडे बघत होते. मग तुम्ही शेठना म्हणालात, "माझी नजर सुलटली, शेठ. आता अक्षराचं काम नको देऊ मला." सुलटली म्हणजे काय ते शेठना कळलं नसावं, पण बाकीचं कळलं. ते चांगले होते, वाद घातला नाही, दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाले. एसटीत ठोकळा तुमच्या मांडीवर होता.

त्यानंतर तुम्ही फक्त पानफूल कोरलंत. कमळ, चांदणी, मोगऱ्याची कळी, जे आरशातही तसंच दिसतं. कोणी नाव घेऊन आला, ॐ घेऊन आला, तर "नजर गेली" म्हणून दुसऱ्या डायवाल्याचं घर दाखवायचात. गावात हळूहळू तेच झालं, म्हातारा आता पानंफुलंच करतो. तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हतात. नजर शाबूत होती, अंधारात पडलेली सुई तुम्ही उचलायचात. मी हे सगळं बघत होते आणि डिप्लोमाचा अभ्यास करत होते.

म्हणून गंजाडवाली जेव्हा म्हणाली की नकाशाचा काम तुमीच करा, तेव्हा मी तिला बसवलं. दुपारचा चहा समोर होता. मी तिला जीपमधलं वाक्य सांगितलं, आपल्या घरची भाषा सांगितली, साबणाची वडी सांगितली. म्हटलं, तू बरोबर ऐकलंस, मी चुकीचं बोलले, आणि बोर्ड हातात आले त्याच दिवशी मला ते कळलं होतं. मला वाटलं होतं ती हसेल. ती चिडली. म्हणाली, "त्याच दिवशी कळला? मंग मी तीन दिस मान मोडून तारा लावल्या तवा काय बघत बसलावत?" तिने चहा संपवला, बशी विसळली, मग म्हणाली, "तुमच्या घरात उलटा म्हंजे बरोबर, ता मना कसा कळावा? असा आधी सांगायचा ना." थोड्या वेळाने कॉम्प्युटर चालू करून तिने नकाशा उघडला. आठ पाय पुन्हा फिरवले, आणि बोर्डाच्या कडेला, ठोका आणि निवड यांच्या खाली, बारीक अक्षरात दोन शब्द घातले: 'वरून बघताना'. मला म्हणाली, आजपासून इथे उलटा-सुलटा बोलायचा नाय, वरून नायतर खालून, एवढाच बोलायचा. तो नियम झाला आहे आणि मी तो पाळते, जिभेला जड जातो तरी. नवे बोर्ड आले, पहिल्या ठोक्याला चालले. उधव्याच्या खोलीत आता तारांचे सहा आणि नवे चार आहेत. त्या बायकांना फरक माहीत नाही.

त्याच दिवशी मी तिला ठोकळ्याचीही गोष्ट सांगितली, सायकल, घंटी, न बघता म्हटलेलं "हो", सगळं. ती ठोकळा हातात घेऊन ऐकत होती. मग तिने विचारलं, "कागद तुमी लावलेला. मंग त्यांना नाय कळला?" मी म्हटलं, त्यांना वाटलं नजर गेली. तिने विचारलं, "आनि तुमी सांगितला नाय?" मी म्हटलं, सांगायचं राहून गेलं. तिने ठोकळा जागेवर ठेवला आणि कामाला लागली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण तिने ते मान्य केलं नाही एवढं मला कळलं.

हे मी नापास बोर्डांसोबत आलेल्या तपासणीच्या कागदांच्या पाठीवर लिहिते आहे, कारण टेबलावर तेवढेच कोरे होते. पाठवायचा प्रश्न नाही. वाचून दाखवायचं म्हटलं तरी आईला आता नीट ऐकू येत नाही. लिहून झालं की घडी घालून ठोकळ्याखाली ठेवीन आणि उद्या सकाळी तिथे बोर्ड ठेवायला जागा लागेल तेव्हा उचलून कुठेतरी घालीन. पण राहून गेलं, हे मी तिला म्हटलं ते खरं नाही. जे तिलाही सांगितलं नाही ते एवढंच आहे.

डायच्या त्या सात दिवसांतल्या चौथ्या दिवशी तुम्ही ठोकळ्यावर मेण दाबून छाप घेतला होतात. मी स्वयंपाकघरात आईसोबत मांदेली साफ करत होते, हात खवल्यांनी भरलेले. तुम्ही दारात उभे राहून मेणाचा तुकडा माझ्यासमोर धरलात. म्हणालात, "वाच गं, लागतं का?" मी बघितलं. मेणात तिन्ही अक्षरं आरशातल्यासारखी उमटली होती, नाव शेवटाकडून सुरू होत होतं. चार दिवसांचं काम होतं, घासून पुन्हा करता आलं असतं. मला समुद्रावरची संध्याकाळ आठवली, मी म्हटलेलं "हो" आठवलं, आणि तुम्ही सुलटी म्हणाल हे आठवलं. मी शेठच्या आईचं नाव मोठ्याने, नीट, वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मग उलटा हाय. झालं तर," आणि पडवीत जाऊन पुन्हा ठोकायला बसलात.

म्हणजे मी मेण खोटं वाचलं हे पेढीवर नाणं हातात घेतलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. नजर चुकली असती तर मेणावरचं नाव मला वाचता आलं नसतं, आणि मी तर वाचलं होतं. एवढा साधा विचार तुम्ही चांदी बघता बघता केला असणार. मला तो करायला अठ्ठावीस वर्षं आणि तीस बोर्ड लागले. तुम्ही चारचौघांत स्वतःची नजर पुढे केलीत आणि अक्षरं सोडलीत. पानाफुलांसाठी कोणाला विचारावं लागत नाही. त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात, आणि त्या नऊ वर्षांत एकदाही मला विचारलं नाहीत, उलटा आहे ना.

तेव्हा मला त्याचं बरं वाटायचं.